‘पाजून घे, मग निघू’: तान्ह्या बाळासह विमानप्रवासात आणि सहलीत या चुका टाळा

टॅक्सी दारात उभी असते, बॅगा लिफ्टपाशी गेलेल्या असतात आणि आतून कुणीतरी सांगते, ‘पाजून घे, मग निघू.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही अंगावर पिणाऱ्या बाळाला घेऊन केलेल्या प्रवासात जे काही बिघडते, त्यातले बरेचसे याच वाक्यापासून सुरू होते असे माझे मत झाले आहे. पाजणे हे निघण्याआधी उरकायचे किंवा पोहोचेपर्यंत पुढे ढकलायचे काम आहे, असे एकदा धरून चालले की बाळाची भूक, विमानाची वेळ आणि आईची भरून आलेली छाती यांचा मेळ बसेनासा होतो. खाली सांगितलेल्या चुकांपैकी काही मी स्वतः केलेल्या आहेत.

विमानात चढण्याआधीच पोटभर पाजणे

मुलगी चार महिन्यांची असताना आम्ही पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. विमानतळावर गेटसमोरच्या खुर्चीत बसून मी तिला दोन्ही बाजूंनी निवांत पाजले, ढेकर काढला, आणि ती झोपल्यावर सासूबाई आणि मी एकमेकींकडे समाधानाने पाहिले. विमान वर चढताना ती हललीसुद्धा नाही. दिल्ली जवळ आली तशी मात्र ती दचकून उठली आणि कानावर मूठ घासत अशी रडू लागली की पुढच्या तीन रांगांतले लोक मागे वळून पाहू लागले. मी घाईघाईने पदराखाली घेतले, पण तोपर्यंत ती इतकी बिथरली होती की तोंडच धरेना.

या रडण्यामागचे कारण सरळ आहे. उंचावर विमानातील हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी, साधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवलेला असतो. विमान उतरू लागले की हा दाब पुन्हा वाढत जातो आणि मधल्या कानात हवा पोहोचवणारी घशाकडची बारीक नळी उघडली नाही, तर कानाचा पडदा आत ओढला जाऊन दुखू लागतो. मोठी माणसे आवंढा गिळतात किंवा जांभई देतात; तान्ह्या बाळाला मुद्दाम गिळायला लावण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अंगावर पाजणे. वर चढताना कानातली हवा बहुधा आपोआप बाहेर पडते, त्यामुळे खरी परीक्षा उतरताना असते आणि थोडी भूक राखून ठेवायची ती त्याच वेळेसाठी.

उतरण्याची सुरुवात चाके जमिनीला टेकण्याच्या साधारण २५ ते ३० मिनिटे आधी होते. वैमानिकाने घोषणा केली, इंजिनाचा आवाज खाली आला किंवा आपल्याच कानांत दडे बसू लागले, की बाळाला जवळ घ्यावे; पट्टे बांधण्याचा दिवा लागेपर्यंत थांबू नये. बाळ गाढ झोपलेले असेल तर त्याला हलकेच जागे करून पाजायला लावणे मला अधिक बरे वाटते, कारण झोपेत गिळण्याचे प्रमाण कमी असते. उड्डाणाच्या बाबतीत नेमकी उलटी चूक होते. दरवाजे बंद झाले म्हणून आई लगेच पाजायला घेते, मुंबईत धावपट्टीच्या रांगेत विमान वीस मिनिटे रेंगाळते, आणि प्रत्यक्ष उड्डाणाच्या वेळी बाळ पिऊन तृप्त झालेले असते. विमान धावपट्टीवर वळल्यानंतरच पाजायला सुरुवात करावी. मुंबई ते गोवा हा प्रवास जेमतेम सव्वा तासाचा असल्यामुळे त्यात दोनदा पोटभर पाजणे शक्य नसते. अशा वेळी एक बाजू चढताना आणि दुसरी उतरताना, अशी वाटणी माझ्या अनुभवाने चांगली जमते. बाळाला सर्दी असेल तर उतरण्याच्या थोडे आधी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत, कारण नाक चोंदलेले असले की त्याला ओढताच येत नाही. कान दुखत असेल किंवा वाहत असेल, तर मात्र तिकीट हातात असले तरी आधी डॉक्टरांना दाखवावे.

जागा, पट्टा आणि ओढणी

पुढे भिंत असलेली पहिली रांग ऐसपैस म्हणून हट्टाने मागितली जाते, पण तेथे जेवणाचा ट्रे खुर्चीच्या हातात बसवलेला असल्यामुळे तो हात वर होत नाही आणि आडवे धरून पाजताना बाळाचे डोके त्यावर आदळते. लांबच्या प्रवासात बाळाचा पाळणा हवा असेल तर तीच रांग घ्यावी लागते. त्यासाठी तिकिटासोबतच मागणी नोंदवावी आणि वजनाची मर्यादा विचारून ठेवावी. थोड्या वेळाच्या उड्डाणासाठी मला खिडकीची जागा अधिक सोयीची वाटते, कारण एका बाजूला भिंतीचा आडोसा मिळतो आणि सेवेची गाडी बाळाच्या पायांना धडकत नाही.

दोन वर्षांखालील बाळ मांडीवर घेऊन बसताना आईने स्वतःचा पट्टा बाळाच्या भोवतीही आवळणे ही गंभीर चूक आहे. विमानाला जोराचा धक्का बसला तर आईच्या शरीराचा सारा भार त्या पट्ट्यावर, म्हणजेच बाळाच्या पोटावर येतो. भारतातील विमानांत बाळासाठी जोडपट्टा मिळतो. तो आईच्या पट्ट्यात अडकवून बाळाभोवती स्वतंत्रपणे बांधायचा असतो आणि तो बांधलेला असतानाही पाजता येते. एकदा घरी खुर्चीत बसून याच स्थितीत पाजून पाहावे.

आडोशासाठी जाड ओढणी बाळाच्या तोंडावरून पूर्ण ओढून घेतली की आत उकडते, बाळ लाथा झाडते आणि ज्या नजरा टाळायच्या असतात त्याच वळतात. पुढून उघडणारा सैल कुर्ता आणि वर एक पातळ दुपटे इतके पुरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी स्तनपान करण्याकडे हीन दृष्टीने पाहिले जाऊ नये असे म्हटले आहे आणि अशा ठिकाणी स्वतंत्र जागा असाव्यात याकडे राज्यांचे लक्ष वेधले आहे; तेव्हा शेजारच्या प्रवाशाने भुवया उंचावल्या तर संकोच त्याने करावा. आपल्या एसटी स्थानकांवर अशा जागेला हिरकणी कक्ष म्हणतात, आणि बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या त्या आईच्या नावापेक्षा समर्पक नाव मला सुचत नाही. विमानतळावर मात्र ‘बेबी केअर रूम’ असेच विचारावे लागते, आणि ती सुरक्षा तपासणीच्या अलीकडे आहे की पलीकडे हेही आत शिरतानाच विचारून घ्यावे.

काढून ठेवलेले दूध

निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी काढलेले ताजे दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस आणि पूर्ण गोठलेल्या जेल पॅकसह शीतपेटीत २४ तास टिकते. यातील ‘२५ अंश’ हे शब्द सहसा विसरले जातात. मे महिन्यात रत्नागिरीच्या वाटेवर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीला चार तासांचा हिशेब लागू पडत नाही. गोठवलेले दूध फ्रीजमध्ये पूर्ण वितळल्यानंतर २४ तासांत संपवावे, ते पुन्हा गोठवू नये आणि बाळाने उष्टे केलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे, मग जीव कितीही कळवळो.

हॉटेलच्या खोलीतील छोट्या फ्रीजवर माझा विश्वास राहिलेला नाही. एका सहलीत सकाळी काढलेल्या दोन बाटल्या त्यात ठेवून आम्ही दिवसभर भटकलो. संध्याकाळी दार उघडले तर आतला दिवाही लागेना. दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढले की खोलीतील वीज जाते आणि फ्रीजही तिच्यासोबत बंद पडतो, हे तेव्हा कळले. दोन्ही बाटल्या ओताव्या लागल्या. आता खोलीत शिरल्यावर मी पहिल्यांदा हेच तपासते, आणि शंका आली तर नाव, तारीख व वेळ लिहिलेली पिशवी हॉटेलच्या स्वयंपाकघरातील फ्रीजमध्ये ठेवायला देते.

सुरक्षा तपासणीत दूध बॅगेच्या तळाशी दडवून ठेवू नये. ते वेगळे काढून, काय आहे ते आधीच सांगावे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत द्रवपदार्थांना असलेली १०० मिलीलीटरची मर्यादा बाळासाठी लागणाऱ्या दुधाला सहसा लावली जात नाही. अमेरिकेत तर बाळ सोबत नसले तरी आईचे दूध त्या मर्यादेपेक्षा जास्त नेता येते. ब्रिटनमध्ये मात्र गोठवलेले आईचे दूध हातातील सामानात नेता येत नाही, आणि परतीच्या प्रवासात हीच गोष्ट अंगाशी येते. तपासणी यंत्रातील क्ष-किरणांनी दूध खराब होत नाही. लिथियम बॅटरीचा पंप आणि पॉवर बँक सोबतच्या बॅगेत ठेवावी, आणि पंपाचे भाग विमानातील शौचालयाच्या नळाखाली धुऊ नयेत. एक स्वच्छ जोड वेगळा ठेवला की तो प्रश्नच येत नाही. बाळ बाटली घेत नसेल तर प्रवासात ती शिकवण्याचा खटाटोप करू नये. घरातले बोंडले किंवा वाटी-चमचा उकळून सोबत घेतला, तर नुसत्या गरम पाण्यानेही स्वच्छ करता येतो.

सहलीच्या गर्दीत निसटणारी वेळ

कुटुंब मोठे असले की बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत राहते, कुणी त्याला समुद्र दाखवते, कुणी फोटो काढते, आणि भुकेची पहिली खूण, म्हणजे मूठ चोखणे किंवा मान वळवून शोधणे, कुणाच्याच लक्षात येत नाही. मग देवदर्शनाच्या रांगेत मधेच रडणे सुरू होते. लहान बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा प्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि सहलीचा कार्यक्रम आखताना ही संख्या धरली नाही तर तो कागदावरच राहतो.

उन्हात ‘त्याचाही घसा सुकला असेल’ म्हणून सहा महिन्यांखालील बाळाला चमचाभर पाणी देण्याचा मोह वडीलधाऱ्यांना हमखास होतो. या वयात आईच्या दुधातूनच त्याला पुरेसे पाणी मिळते. उकाड्यात ते अधिक वेळा आणि थोडे थोडे पिते, इतकेच. वरचे पाणी दिल्याने पोटातील जागा भरते आणि प्रवासातील दूषित पाण्याचा धोका वाढतो. मधाचे बोट तर बाळ वर्षाचे होईपर्यंत कधीच देऊ नये. पाणी हवे असते ते आईला. बाळाला पुरते आहे की नाही हे पाहायचे तर ओले लंगोट मोजावेत. दिवसाकाठी सहा किंवा अधिक असतील तर चिंतेचे कारण नाही. सहा-सात तास लघवी झाली नाही, टाळू खोल गेली किंवा बाळ मलूल दिसू लागले, तर जवळचा दवाखाना गाठावा.

धावत्या गाडीत बाळाला त्याच्या पट्ट्याच्या आसनातून (कार सीटमधून) काढून पाजणे ही मला या सगळ्यांतली सर्वांत धोकादायक चूक वाटते, आणि ती सर्वांत नेहमीची आहे. आंबोली घाटाच्या वळणावर अचानक ब्रेक लागला तर आईचे हात कितीही घट्ट असले तरी बाळ त्यांत राहत नाही. गाडी थांबवावी, पाजावे, ढेकर काढावा आणि मगच पुढे निघावे. पंचवीस मिनिटे उशीर होतो, तो होऊ द्यावा.

दुधाची गाठ

पाजणे लांबणीवर पडले की फटका आईलाही बसतो. छाती दगडासारखी होते, एखाद्या ठिकाणी लाल, दुखरी गाठ जाणवते, अंग मोडून येते. अशा वेळी पाजणे बंद करणे किंवा गाठ जोरजोरात चोळणे या दोन्ही गोष्टींनी दुखणे वाढते. नेहमीच्या गतीने पाजत राहावे, सुती कपड्यात गुंडाळलेला थंड पॅक लावावा, घट्ट ब्रा काढून ठेवावी आणि थोडे पडून राहावे. ‘सगळे रिकामे झालेच पाहिजे’ म्हणून पंप लावून बसू नये, त्याने उलट दूध अधिक तयार होते. एका दिवसात उतार पडला नाही किंवा थंडी वाजून ताप चढला, तर डॉक्टरांकडे जावे. सहलीत आईचे पोट बिघडले तरी अंगावर पाजणे थांबवायचे कारण नाही. तिने जलसंजीवनी घेत राहावे.

गोळ्यांच्या बाबतीत थोडक्यात सांगते. बस लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या, प्रोमेथाझिनसारख्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि बाळ विमानात झोपावे म्हणून त्याला सर्दीचे औषध तर मुळीच देऊ नये. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनमुळे दूध कमी होऊ शकते. आफ्रिकेच्या सहलीसाठी पीतज्वराची लस घ्यायची असेल आणि बाळ नऊ महिन्यांखालील असेल, तर लसीकरण केंद्रात आपण अंगावर पाजत असल्याचे आधी सांगावे. गोव्यात एखादा पेला घेतलाच तर पाजण्याआधी किमान दोन तास जाऊ द्यावेत. दूध काढून फेकल्याने ते लवकर ‘शुद्ध’ होत नाही.

घरी परतल्यावर, विशेषतः अमेरिकेसारख्या लांबच्या प्रवासानंतर, बाळ दिवसा पेंगते आणि रात्री दोन वाजता उठून दर तासाला मागते. ‘प्रवासाने तुझे दूध आटले’ असे म्हणून याच आठवड्यात वरच्या दुधाचा डबा आणला जातो. प्रत्यक्षात दिवसाच्या गडबडीत राहून गेलेले ते रात्री भरून काढत असते. दिवसा खोलीत उजेड ठेवावा, दर दोन-तीन तासांनी छातीशी घ्यावे, रात्री दिवा न लावता पाजावे, आणि डब्याचे झाकण उघडण्याआधी लंगोट मोजावेत.