देनारियसवरून रोममधले सत्तांतर कसे वाचायचे (इ.स.पू. ४४ ते २७)

सीझरचा खून, अँटनी, ऑक्टेवियन आणि लेपिडस या त्रिकुटाचा कारभार, यादवी आणि अखेर एकाच माणसाची सत्ता, हे सगळे अवघ्या १७ वर्षांत घडले. ज्याच्या हाती फौज, त्याला पगार वाटायला चांदी लागे. म्हणून जवळजवळ प्रत्येक दावेदाराने देनारियस, म्हणजे रोमन चांदीचे नाणे, पाडले आणि आपला दावा त्यावर कोरला. मात्र नाणे सांगते तो दावाच, घडलेली गोष्ट नव्हे.

आधी वजन करा. या काळातला चांगला देनारियस साधारण ३.७ ते ३.९ ग्रॅम भरतो. मग घनता काढा: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा, नाणे बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा दाखवेल त्या आकड्याने कोरडे वजन भागा. उत्तर १०.२ च्या आसपास आले तर कस ठीक, ९.५ च्या खाली आले तर आत तांबे आणि वर चांदीचा मुलामा असण्याची शक्यता मोठी. नाण्याला बुडबुडे चिकटले तर घनता उगीच कमी दिसते, म्हणून नाणे पाण्यात हलवून घ्या. मुलाम्याची नाणी त्या काळीही निघत, त्यामुळे आत तांबे सापडले म्हणजे नाणे आजचे बनावट, असे लगेच ठरवू नका.

आता चेहरा. रोमच्या टांकसाळीत इ.स.पू. ४४ पर्यंत देवदेवता किंवा मेलेले पूर्वज असत. जिवंत माणसाचा, म्हणजे सीझरचा, चेहरा त्या वर्षी आला. त्याच्याभोवती ‘डिक्ट पर्पेतुओ’, म्हणजे तहहयात हुकूमशहा, असे कोरलेले असेल तर नाणे त्या वर्षीच्या फेब्रुवारीनंतरचे. पुढचे नाणे या सगळ्या मालिकेत सर्वांत बोलके आहे. ब्रूटसने इ.स.पू. ४३-४२ मध्ये पाडलेल्या देनारियसच्या मागच्या बाजूला दोन खंजीर, त्यांच्यामध्ये मुक्त केलेल्या गुलामाला मिळणारी टोपी आणि खाली ‘ईड मार’, म्हणजे १५ मार्च, खुनाची तारीख. पुढच्या बाजूला मात्र खुद्द ब्रूटसचाच चेहरा! राजेशाही नको म्हणून सीझरला मारणाऱ्याने सीझरचीच पद्धत उचलली, हे या एका नाण्यात दिसते. हे नाणे अतिशय दुर्मीळ आहे. बाजारात स्वस्तात मिळाले तर ती नक्कल समजा.

मग लेख वाचा. रोमन लेखात यू नसतो, त्याजागी व्ही येतो. नवशिके सर्वांत जास्त फसतात ते ‘ए-व्ही-जी’ या तीन अक्षरांवर. अँटनीच्या नाण्यावर गलबत आणि त्यावर ‘एएनटी एव्हीजी’ दिसले की ऑगस्टसचे नाव वाटते; तिथे अर्थ आहे ऑगूर, म्हणजे शकुन पाहणारा पुरोहित. ऑगस्टस ही पदवी सीझरचा दत्तकपुत्र ऑक्टेवियन याला इ.स.पू. २७ च्या जानेवारीत मिळाली. ही गलबताची नाणी ऑक्टेवियनविरुद्धच्या अ‍ॅक्टियमच्या लढाईआधी, इ.स.पू. ३२-३१ मध्ये, सैन्य आणि आरमाराच्या पगारासाठी निघाली. मागे गरुड आणि पलटणीचा क्रमांक असतो. यांत हीण जास्त असल्याने घनता थोडी कमी येते आणि तेवढ्यावरून त्यांना बनावट ठरवू नये.

ऑक्टेवियनच्या नाण्यावर ‘डिवी एफ’, देवत्व पावलेल्याचा पुत्र, असेल तर ते इ.स.पू. ४२ च्या आधीचे नाही, कारण सीझरला देवत्व त्या वर्षी दिले गेले. नेमके वर्ष काढायचे तर ‘सीओएस’ (कॉन्सल, रोमचे वर्षभराचे सर्वोच्च पद) पुढचा आकडा बघा; तो कितव्यांदा पद मिळाले ते सांगतो. मगरीच्या चित्रासह ‘एगुप्तो काप्ता’ (इजिप्त जिंकला) आणि ‘सीओएस सहा’ म्हणजे इ.स.पू. २८, सात असेल तर २७. पण पुढचे कॉन्सलपद मिळेपर्यंत जुनाच आकडा वापरात राहतो. ऑक्टेवियनचे पहिले पद ४३ मधले, दुसरे थेट ३३ मधले. मधल्या वर्षांसाठी या आकड्यावर भिस्त ठेवू नका, पदव्यांवरून ठरवा.

काळवंडलेली चांदी चिंच, लिंबू किंवा भांड्याच्या पावडरीने घासू नका. अक्षरांच्या कडा झिजल्या की सहा आणि सात यांतला फरक कायमचा जातो.