कुत्र्याच्या पायात माणसाची शीर शोधू नका: या चुका टाळा

आमच्या रावेरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की केळीच्या बागेतली राखणीची कुत्री उन्हाने आडवी होतात. अशाच एका कुत्र्याला सलाईन लावायचं होतं. मदतीला होता माणसांच्या दवाखान्यातला एक ब्रदर. ऐंशी वर्षांच्या म्हातारीची बुजलेली शीरही या गड्याला सापडते. त्याने मागचा पाय धरला, घोट्याच्या आतल्या बाजूला बोटं फिरवली आणि म्हणाला, "भो, याला शीरच नाही!"

शीर होती, पण तो माणसाच्या नकाशावर कुत्र्याचा पाय वाचत होता.

पहिला घोळ गुडघ्याचा. मागच्या पायात मागे वळलेला जो टोकदार सांधा दिसतो, त्याला बहुतेक जण गुडघा समजतात. तो गुडघा नव्हे, घोटा आहे आणि ते टोक म्हणजे टाच. कुत्रा बोटांवर चालतो, त्यामुळे टाच कायम अधांतरी. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेशी लपलेला असतो. इथे चुकलात की पुढचं सगळं चुकलं.

दुसरी चूक बाजूची. माणसाच्या पायात मोठा मान आतल्या शिरेला, ग्रेट सॅफेनसला. ती घोट्याच्या आतल्या हाडापुढून निघते आणि थेट जांघेपर्यंत चढते. शरीरातली सगळ्यात लांब शीर हीच. बायपासला काढतात तीही हीच. बाहेरच्या घोट्यामागून पोटरीवर जाणारी स्मॉल सॅफेनस तिच्यापुढे धाकटी. कुत्र्यात मात्र धाकटीच थोरली झाली आहे. बाहेरच्या बाजूची लॅटरल सॅफेनस ठळक असते, आतली त्या मानाने बारीक. म्हणून पाय बाहेरून पाहा: घोट्याच्या जरा वर ती तिरकी मागे-वर जाताना दिसते. केस कापून स्पिरिट लावलं आणि मदतनीसाने गुडघ्यापाशी पायाला हाताचा विळखा घालून दाब दिला की फुगून वर येते.

दिसली म्हणून सुई खुपसू नका. कातडी सैल, शीर तिच्याखाली मोकळी, त्यामुळे सुई टेकताच ती बाजूला सरकते. आमच्या ब्रदरच्या हातून दोनदा निसटली. कडेने अंगठा ठेवून तिला अडवावं लागतं. आणि सुई काढताना आधी वरचा दाब सोडा, मग सुई काढा, मग कापूस दाबून धरा. क्रम उलटा झाला तर जागा काळीनिळी होऊन फुगते.

खरं तर आधी पुढचा पाय पाहावा. तिथल्या शिरेचं सेफॅलिक हे नाव माणसात आणि कुत्र्यात एकच, पण माणसात ती अंगठ्याच्या बाजूने दंडावर जाते. कुत्र्यात पुढच्या पायाच्या अगदी दर्शनी भागावर सरळ असते. आम्ही पहिली पसंती तिलाच देतो. हे सगळं अर्थात पशुवैद्य किंवा त्यांच्या देखरेखीखाली शिकणाऱ्यांसाठी. मालकाचं काम डोकं धरायचं, आणि उन्हाने पडलेल्या कुत्र्याला दवाखान्यात नेण्याआधी अंगावर पाणी ओतायचं.

आता एक वेगळीच चूक, जी मला दर वर्षी दिसते. आजीच्या पायाला व्हेरिकोज व्हेन्स, म्हणून कुत्र्याचा सुजलेला पायही त्याच खात्यात. माणूस दोन पायांवर उभा राहतो. हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा उंच स्तंभ तयार होतो आणि नुसतं उभं राहिलं तरी घोट्याच्या शिरेत 80 ते 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब येतो. रक्त वर ढकलायला पोटरीचे स्नायू आणि शिरांतल्या झडपा राबतात. झडपा गळायला लागल्या की शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. दिवसभर गल्ल्यावर उभ्या राहणाऱ्या दुकानदाराला हे सांगायला नको. कुत्र्यालाही झडपा आहेत, पण तो चार पायांवर, हृदय जमिनीपासून हातभर उंचीवर. हा आजार त्याच्यात जवळजवळ दिसतच नाही. तेव्हा सूज दिसली तर काटा, चावा, साप, मोडलेलं हाड शोधा.

एकाने आजीचं क्रेप बँडेज कुत्र्याला करकचून गुंडाळून आणलं होतं. खाली पंजा फुगून बोटं फाकलेली. सोडल्यावर आत निघाला बाभळीचा काटा.