बद्द वाजलं की उखडायचं

गेटपासून गाडी उभी राहते तिथपर्यंतचा आमचा कोबा दोन वर्षं खडी ओकत होता. चाकं जिथून जातात त्या दोन पट्ट्यांत वरचा थर गेलेला, मध्ये एक लांब तडा, आणि झाडताना सुपलीभर वाळू रोज. पहिल्यांदा मी केलं ते बहुतेक सगळे करतात तेच. वरून पाणी शिंपडलं, सिमेंट जरा जास्त घालून पातळसर माल कालवला आणि खड्ड्यांवरून थापीने छान घोटून दिला. तीन महिन्यांत त्याच्या खपल्या निघाल्या. एक खपली उलटी करून पाहिली तर खालची बाजू गुळगुळीत, तिला जुन्या कोब्याची नुसती धूळ चिकटलेली. माझा माल धुळीला धरून बसला होता, कोब्याला नाही.

दुसऱ्या वेळी म्हणून मालाआधी हातोडी हातात घेतली. अर्धा किलोची पुरते. बसकं स्टूल घ्यायचं आणि वीतभर अंतरावर हलके ठोके मारत सगळा कोबा ऐकायचा. चांगल्या जागी आवाज ठणठणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द. जिथे बद्द वाजेल तिथे खडूने कड आखायची. डोळ्यांना दिसणाऱ्या खड्ड्यापेक्षा ही खडूची रेघ नेहमीच मोठी निघते. माझा टीचभर खड्डा आखल्यावर 90 सेंटिमीटर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद भरला.

सगळंच उखडायचं नसतं. पृष्ठभाग नुसता भुकटी सोडतोय पण आवाज ठणठणीत आहे, तर धुऊन, वाळवून त्यावर सिलिकेटवालं हार्डनर ब्रशने मारलं की भागतं. कोब्यातल्या चुन्याशी त्याची क्रिया होऊन वरची छिद्रं बुजतात. उलट लादीच्या लादी एका बाजूला खचली असेल तर वरून काहीही लावू नका. खालचा भराव वाहून गेलेला असतो, आणि आधी पाणी कुठून येतंय ते शोधावं लागतं. बऱ्याचदा छताच्या पन्हाळीचं तोंडच तिथे सोडलेलं असतं.

आखलेल्या रेघेवर ग्राइंडरने सरळ, उभा काप घ्या, किमान 12 मिलिमीटर खोल. हा काप टाळण्याचा मोह फार होतो, कारण ग्राइंडर आवाज करतो आणि चिखल उडतो. पण कडेला शून्यावर उतरत गेलेला माल चाकाखाली आधी तिथूनच तुटतो. उभी कड असली की त्याला जाडी मिळते. कापताना पाण्याची बारीक धार सोडावी. कोरड्या कापातली धूळ फुप्फुसात बसते. धूळ रोखणारा चांगला मास्क आणि गॉगल हवाच, फडकं बांधून चालत नाही. विजेच्या यंत्राजवळ पाणी येतंय म्हटल्यावर करंट गळती तोडणारा स्विच लागलेल्या प्लगवरच ते जोडा, आणि पायात रबरी बूट असू द्या.

मग छिन्नीने आतला सगळा सैल माल काढायचा, तळाला टाचे मारायचे. हे कंटाळवाणं आहे; मला एका ठिगळाला अख्खी सकाळ लागली. गाडीचं तेल सांडलेल्या जागा वेगळ्या ओळखाव्या लागतात. पाण्याचे थेंब टाका: जिरले तर ठीक, मोत्यासारखे उभे राहिले तर तिथे तेल आहे. तीव्र डिटर्जंट, कडक ब्रश, गरम पाणी, आणि तरीही थेंब उभाच राहिला तर तेवढा भाग आणखी खोल उखडायचा. अॅसिड ओतायचा सल्ला मला दोघांनी दिला. मी ऐकला नाही: त्याने तेल निघत नाही आणि लोखंडी गेटला गंज चढतो.

आदल्या संध्याकाळी खड्डा पाण्याने भरून ठेवला. कोरडा जुना कोबा नव्या मालातलं पाणी ओढून घेतो आणि माल कच्चा राहतो. सकाळी ते पाणी स्पंजने टिपून काढलं. तळ ओलसर, गडद दिसला पाहिजे, पण चकाकणारं पाणी कुठे नको.

मालाचा हिशेब आधी करा, म्हणजे अर्ध्यात पळापळ होत नाही. माझं ठिगळ 2 सेंटिमीटर खोल होतं. 90, 60 आणि 2 चा गुणाकार 10,800 घन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ 11 लिटर ओला माल. त्यासाठी मापाने एकास तीन प्रमाणात साधारण 5 किलो सिमेंट, साडेदहा लिटर धुतलेली वाळू आणि अर्धा लिटर एसबीआर लॅटेक्स, म्हणजे माल जुन्या कोब्याला धरावा म्हणून घालायचं दुधासारखं रबरी द्रावण. डब्यावर वेगळं प्रमाण छापलं असेल तर डब्याचं ऐका. खोली 4 सेंटिमीटरच्या वर गेली तर बारीक खडीही घालावी लागते. पाणी कमीत कमी. मूठ वळली की गोळा टिकावा, हाताला ओल लागावी, बोटांतून पाणी गळू नये. हातमोजे घाला, ओलं सिमेंट कातडी जाळतं आणि ते तासाभराने कळतं.

आता घाईची वेळ. लॅटेक्समध्ये सिमेंट कालवून ऑइलपेंटइतकी दाट स्लरी करा आणि ब्रशने तळाला, कडांना घासून लावा. ती ओली, चिकट असतानाच वर माल पडला पाहिजे. वाळली की तिचा पापुद्रा होतो आणि जोडण्याऐवजी ती दोन थर वेगळे करते. म्हणून ऊन चढायच्या आत काम उरका आणि एका वेळी एकच ठिगळ घ्या. माल कडांपासून आत दाबत भरा, थापीच्या टोकाने कोपरे ठेचा, मग पट्टी जुन्या कोब्यावर टेकवून ओढा. जुना ढाळ मोडू नका. मीटरला 1 ते 2 सेंटिमीटर उतार घरापासून बाहेर असलाच पाहिजे, नाहीतर पावसात ठिगळाचं तळं होतं.

गवंडी वापरतात त्या लाकडी रंध्याने एकदा फिरवा आणि थांबा. वर पाणी सुटलेलं दिसलं तर त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटायची सवय अनेकांच्या हाताला असते. तोच थर पुढे पापड्या होऊन उडतो. पाणी आपोआप जाऊ द्या, मग उताराला आडवा झाडू एकदाच हलका ओढा. रेघांमुळे ओल्यात पाय घसरत नाही.

तड्याचं शास्त्र वेगळं. दोन्ही बाजूंना पेन्सिलच्या खुणा करून मी महिनाभर अंतर मोजलं. दुपारी आणि पहाटे ते बदलत होतं. हलत्या तड्यात सिमेंट भरलं की पुन्हा तडकतं. तिथे चर साफ करून, फोमची दोरी दाबून वर पीयू सीलंट (सुकल्यावरही रबरासारखं ताणलं जाणारं पॉलीयुरेथेन) भरलं. लाद्यांमधला जुना सांधा ठिगळाखाली गेला असेल तर तोही तसाच वरपर्यंत कापून ठेवा.

एसबीआरच्या मालाला एक-दोन दिवस ओलं गोणपाट, त्यावर प्लास्टिक, मग उघडं वाळू द्यायचं. साध्या मालाला मात्र 7 दिवस पाणी मारावं लागतं. चालायला दुसऱ्या दिवशी हरकत नाही, गाडी आठवडाभर बाहेर.

आठव्या दिवशी गाडी आत घेण्याआधी पुन्हा हातोडी घेऊन बसले. ठिगळ ठणठणीत वाजलं, फक्त गेटकडचा एक कोपरा बद्द. तिथे स्लरी वाळत आलीय हे मला भरतानाच दिसलं होतं. तेवढा तळहाताएवढा तुकडा छिन्नीने काढला आणि संध्याकाळी त्यात पाणी भरून ठेवलं.