इंडी टीटीआरपीजी सप्लिमेंटवर फीडबॅक देताना या चुका टाळा

इच.आयओ या छोट्या निर्मात्यांच्या खेळांच्या साइटवरून कुणाचं तरी टीटीआरपीजीचं, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या खेळाचं, बारा पानी साहस (सप्लिमेंट) उतरवून घेतलं, वाचलं, आणि लेखकाला कळवलं, 'भारी आहे, पण थोडं अनबॅलन्स्ड वाटलं.' यातून लेखकाच्या हाती काहीच लागत नाही. काय अनबॅलन्स्ड? आणि खेळून वाटलं की नुसतं वाचून? नुसतं वाचून दिलेलं मत भाषा, मांडणी, चित्रं यांपुरतं चालतं. तेव्हा 'अजून खेळलो नाही' हे पहिल्याच ओळीत सांगा.

दुसरी चूक जास्त नडते: दुखणं न सांगता थेट औषध सुचवणं. समजा, जंगलात कोण भेटेल ते ठरवणारं टेबल (तक्ता) आहे, दोन साधे सहा बाजूंचे फासे टाकून बेरीज करायची. रात्रभर लांडगेच निघाले म्हणून जीएम (खेळ चालवणारा) लिहितो, 'आणखी प्राणी घाला.' आता गणित बघा. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 16 एकट्या 6, 7 आणि 8 खाऊन टाकतात. 12 च्या वाट्याला एकच येते. लांडगे 7 वर आणि बोलणारं झाड 12 वर असेल, तर झाड क्वचितच दिसणार. 'सहा वेळा फासे टाकले, तीनदा लांडगे. शेवटी टेबल सोडून मीच भेट निवडली' असं लिहा. मग तो निव्वळ योगायोग होता की टेबलाचा दोष, हे लेखक एनीडाइस या फाशांच्या शक्यता मोजणाऱ्या साइटवर तपासेल. उपाय काढणं त्याचं काम.

'पात्रं फार पटापट मरतात' ही तक्रारही जपून करा. जुन्या धाटणीच्या डंजनमध्ये (सापळ्यांनी भरलेल्या भुयारात) ते मुद्दाम असतं. सापळ्याचा सुगावा लागेल असं वर्णनात काही होतं का, हा खरा प्रश्न.

या खेळांच्या डिजिटल टूल्सबद्दल तर 'चालत नाही' एवढ्यावरच गाडी थांबते. फोन की लॅपटॉप, कोणता ब्राउझर, काय टाइप केलं, काय दिसलं, हे चार तपशील हवेतच. आपल्याकडच्या अडचणी परदेशी लेखकाला दिसतही नाहीत. भरता येणाऱ्या कॅरेक्टर शीटमध्ये पात्राचं नाव देवनागरीत टाकलं की बऱ्याचदा चौकोन उमटतात, कारण त्या रकान्याच्या फॉन्टमध्ये आपली अक्षरंच नसतात. अमेरिकन पीडीएफ लेटर आकाराची असते, 216 बाय 279 मिलिमीटर. आपला ए4 कागद 210 बाय 297. झेरॉक्सवाल्याने 'फिट टू पेज' केलं नाही तर कडेचा मजकूर कापला जाण्याची भीती, आणि केलं तर कापायच्या कार्डांचं माप बदलतं. काळ्या पार्श्वभूमीची पानं छापायला किती शाई जाते ते वेगळंच! हे जरूर कळवा, शक्यतो स्क्रीनशॉटसकट.

फीडबॅक घेणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे स्वतःच जीएम होऊन चाचणी घेणं. पानावर जे राहिलं ते तुम्ही बोलण्यातून भरून काढता, आणि भोक दिसतच नाही. पीडीएफ अनोळखी गटाला द्या. तिथे हजर असाल तर तोंड उघडू नका. जीएम कोणत्या पानावर अडला, काय शोधायला मागे गेला, कोणता नियम त्याने ऐनवेळी स्वतःच ठरवला, तेवढं टिपून घ्या.