वजन एका रात्रीत किलोभर वाढलं? कॅलरी मोजताना या चुका टाळा

शनिवारी सकाळी काट्यावर 78.3. रविवारी दुपारी मटण, तांबडा रस्सा आणि भात, संध्याकाळी आमराईत चक्कर मारून आल्यावर भडंग. सोमवारी सकाळी 79.4. आठवडाभर ॲपमध्ये घास न् घास टिपला आणि हाती काय, तर 1.1 किलो जास्त. मग चिडून सोमवारचं जेवणच बंद होतं. पहिली चूक हीच.

जरा हिशेब मांडा. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. म्हणजे 1.1 किलो चरबी चढायला रोजच्या गरजेपेक्षा जवळजवळ 8,500 कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. पैज लावून बसलं तरी एका रविवारात एवढं खाणं होत नाही.

वाढलेलं असतं ते मुख्यतः पाणी. शरीरातल्या पाण्याचा खारटपणा ठरलेला असतो, लिटरमागे सुमारे 9 ग्रॅम मिठाइतका. रस्सा, लोणचं, पापड, भडंग मिळून साडेचार ग्रॅम मीठ जास्त गेलं, तर मूत्रपिंडं ते बाहेर टाकेपर्यंत अर्धा लिटर पाणी अडकून राहू शकतं. भाताचं आणि गोडाचं निराळंच. त्यातली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी घेऊन बसते. शिवाय रविवारचं जेवण सोमवारी सकाळी अजून आतड्यातच असतं. त्यालाही वजन आहेच. नेहमीचं जेवण चालू ठेवलं तर बुधवार-गुरुवारपर्यंत हे सगळं उतरतं. पाणी कमी प्यायल्याने मात्र उतरत नाही, तेव्हा तो उपाय नको.

डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे दोन किलो ‘झटकन’ जातात, त्यातही मोठा वाटा याच पाण्याचा असतो. तेव्हा पेढे वाटायची घाई नको.

एका सकाळच्या आकड्यावर निर्णय घेणं

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच हलक्या कपड्यांत वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. समजा, सोमवारपासून पहिल्या आठवड्याचे आकडे असे: 79.6, 79.1, 78.7, 78.5, 78.4, 78.3, 78.4. सरासरी 78.7. दुसऱ्या आठवड्याचे: 79.4, 78.7, 78.3, 78.0, 77.9, 77.8, 78.0. सरासरी 78.3. म्हणजे ज्या सोमवारी रडू आलं, त्याच आठवड्यात 400 ग्रॅम कमी झाले. रोज 500 कॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला साधारण एवढंच अपेक्षित असतं.

पाळीच्या आधी आणि पाळीच्या दिवसांत पाणी साठून वजन एक-दोन किलोंनी हलू शकतं. बायकांनी म्हणून या महिन्याचा आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावा.

काटा कुठेही ठेवणं

शहाबादी फरशी असेल तर चारही पाय टेकतील अशी जागा शोधा आणि काटा तिथून हलवू नका. सतरंजीवर ठेवलेला काटा भलतंच काहीतरी सांगतो. तपासायचं असेल तर आधी एकटे उभे राहा, मग 10 किलोची तांदळाची सीलबंद पिशवी घेऊन. फरक 10 च्या आसपास हवा. नसेल तर सेल बदलून पाहा. जिममधला, दवाखान्यातला आणि घरचा असे तीन काटे एकमेकांशी ताडू नका. स्टेशनवरच्या जुन्या काट्याच्या तिकिटावर निदान भविष्य तरी छापून यायचं!

तेलाचा अंदाज

सरासरीच तीन-चार आठवडे हलत नसेल, तर प्रश्न पाण्याचा नाही, नोंदीचा आहे. आणि आपल्याकडे नोंद चुकते ती बहुधा तेलात. भाजीपुढे ‘एक चमचा’ लिहिलं जातं, फोडणीत पळीभर पडतं. 5 मिलीच्या चमच्यात सुमारे 40 कॅलरी, 15 मिलीच्या मोठ्या चमच्यात 120.

खरा आकडा डब्यावरून काढा. चार माणसांच्या घरात महिन्याला 5 किलो तेल संपत असेल, तर माणशी रोज जवळपास 42 ग्रॅम, म्हणजे 370 कॅलरींच्या वर. ॲपमध्ये दोन छोटे चमचे लिहीत असाल तर रोजच्या जवळपास 300 कॅलरी कुठेच दिसत नाहीत. 500 ची तूट निम्म्याहून जास्त तिथेच संपते.

भडंगाचंही तेच. चिरमुरे हलके म्हणून मनाला हलकं वाटतं. पण 50 ग्रॅम चिरमुरे, मोठा चमचाभर तेल आणि 20 ग्रॅम शेंगदाणे मिळून 400 च्या पुढे जातात. म्हशीच्या दुधाचा, दोन चमचे साखरेचा चहा कपाला 90 च्या घरात. चार कप झाले की एका जेवणाएवढं.

कच्चं की शिजलेलं?

100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 350 कॅलरी, 100 ग्रॅम शिजलेल्या भातात 130. कच्चा तोलून शिजलेला म्हणून नोंदवला की 220 गायब. भाकरी मोजताना ‘एक नग’ लिहू नका, पीठ तोला: 60 ग्रॅम ज्वारीचं पीठ म्हणजे साधारण 210.

एकादशीला उपवास म्हणून नोंदच न करणारेही पुष्कळ. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 350, वर 30 ग्रॅम दाण्याचा कूट 170 आणि मोठा चमचाभर तूप 120. एका बशीत 640.

व्यायामाची भरपाई

घड्याळ 400 कॅलरी जळाल्या म्हणतं, तेवढ्या लगेच खाऊन टाकू नका. हा आकडा बऱ्याचदा फुगलेला असतो. नवा व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी साठतं आणि काही दिवस वजन वर जातं. तेवढ्यावरून व्यायाम सोडू नका.

तीन-चार आठवडे तेल आणि धान्य तोलूनही सरासरी जागची हलली नाही, तर रोजच्या खाण्यातून 100 ते 150 कॅलरी कमी करा, एकदम 500 नको. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर त्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते. वजन दोन-तीन दिवसांत भराभर वाढून पायांवर सूज आली किंवा दम लागू लागला, तर सरासरी काढत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.