लॅबच्या सामायिक मशीनवर पायथन चालवण्याआधी

लॉगिन मिळालं की लगेच कोड चालवायला घेऊ नका. आधी टर्मिनलवर 'विच पायथन३' देऊन कोणता पायथन मिळतोय ते बघा. तो यूएसआर-बिन या सिस्टिमच्या फोल्डरमधला असेल, तर लिनक्सचा स्वतःचा आहे, त्याला हात लावायचा नाही. सिस्टिमची काही साधनं त्यावरच चालतात. शिवाय तुम्ही सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची आवृत्ती बदललीत, तर दुसऱ्या कुणाचा तरी चांगला चालणारा कोड बंद पडतो आणि कारण त्याला सापडत नाही. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांवर पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन, अशा वेळी नकार देतो. 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय लावून तो नकार मोडता येतो, पण सामायिक मशीनवर ते कधीच करू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यापेक्षा प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व्ह करा, म्हणजे त्याच्या पॅकेजेसचा स्वतंत्र फोल्डर. डेबियन-उबुंटूवर त्याचं पॅकेज वेगळं असतं. नसेल तर अ‍ॅडमिनला सांगून टाकून घ्या. जागा मात्र आधी ठरवा, कारण व्हेन्व्हच्या आत पूर्ण पाथ लिहिलेले असतात आणि फोल्डर नंतर हलवला की ते बिघडतं. तुमच्या होम फोल्डरचा कोटाही (जागेची मर्यादा) विचारून घ्या: मशीन लर्निंगसाठीचा जीपीयूवाला (ग्राफिक्स कार्डवर चालणारा) पायटॉर्च एकटाच काही जीबी खातो, वर पिपची कॅशही (डाउनलोडच्या प्रती) होममध्येच साठते. स्क्रॅचवर (तात्पुरत्या फाइल्सच्या डिस्कवर) जागा भरपूर मिळते, पण तिथल्या जुन्या फाइल्स आपोआप पुसल्या जातात का, हे विचारल्याशिवाय तिथे कोड ठेवू नका.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते कोअरकडे, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांकडे. समजा मशीन ३२ कोअरचं आहे. पायथनमधल्या मल्टिप्रोसेसिंगचा पूल (एकदम चालणाऱ्या प्रोसेसचा गट) आकडा न देता उघडला, की एरवी ३२ प्रोसेस सुरू होतात. त्यातली प्रत्येक प्रोसेस नमपायमधून आणखी ३२ थ्रेड (समांतर चालणारी छोटी कामं) काढू शकते, म्हणजे १०२४ थ्रेड ३२ कोअरसाठी भांडत बसतात. तुमचं काम रखडतंच, पण बाकीच्यांचंही अडकतं. म्हणून आधी कोअर किती व्यस्त आहेत ते एचटॉपमध्ये बघा, पूलला आकडा द्या आणि 'ओएमपी नम थ्रेड्स' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा; नमपाय इंपोर्ट करण्याआधी, नंतर केलं तर उपयोग नाही. जीपीयूचंही असंच: कार्डांची स्थिती दाखवणाऱ्या एनव्हिडिया-एसएमआयमध्ये रिकामं कार्ड शोधा आणि 'कुडा व्हिजिबल डिव्हायसेस' या व्हेरिएबलने तेवढंच घ्या. टेन्सरफ्लो (पायटॉर्चसारखीच लायब्ररी) एरवी कार्डाची जवळजवळ सगळी मेमरी आधीच अडवून ठेवतो, तेव्हा त्यात मेमरी ग्रोथ (लागेल तशी मेमरी घेण्याची सेटिंग) चालू करा.

क्लस्टर (अनेक मशीनचा संच) असेल तर लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथे लॉगिन करतात त्या मशीनवर, गणित चालवू नका, कामं वाटून देणाऱ्या स्लर्मला जॉब द्या. लांबलचक रन टीमक्समध्ये ठेवा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी ती चालू राहते. ज्युपिटर नोटबुकचा टॅब बंद केला म्हणून कर्नल (मागे कोड चालवणारी प्रोसेस) थांबत नाही, मेमरी धरून बसतो. काम झालं की तो शटडाउन करा. एपीआय की (ऑनलाइन सेवांची गुप्त किल्ली) नोटबुकमध्ये लिहू नका. वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिला ६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्या.

शेवटी पिप फ्रीझने मिळणारी पॅकेजेसची यादी रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये उतरवा आणि पायथनची आवृत्ती तिथेच कॉमेंटमध्ये लिहा, कारण फ्रीझ ती नोंदवत नाही.