माळ्यावरची गिटार आणि ब्लूजची सुरुवात

जळगाव-भुसावळ-धुळ्याकडे जुनी गिटार दुकानात कमी आणि माळ्यावर जास्त सापडते. काकांनी कॉलेजात असताना हौसेने घेतलेली, नोकरी लागल्यावर गोणपाटात गुंडाळलेली. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, शिकवण्या घेतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज संगीत शिकायचंय म्हणून कोणी आलं की मी आधी नातेवाइकांचे माळे बघायला सांगतो.

अमळनेरला एका गृहस्थांनी मला गिटारीची किंमत लाखांत सांगितली. मुलाने त्यांना मोबाइलवर १९५९ सालच्या गिब्सन लेस पॉल या अमेरिकी गिटारीचे भाव दाखवले होते. ते भाव खरेच आहेत, ती गिटार अमेरिकेत लाखो डॉलरला जाते. यांच्या गिटारीवर मात्र ‘गिव्हसन’ होतं. ती कोलकात्याची, इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘बी’च्या जागी ‘व्ही’. ते समजल्यावर काका बराच वेळ त्या एका अक्षराकडे बघत बसले आणि म्हणाले, “मंग च्या तरी पी जाय, भो.” गिटार त्यांनी विकली नाही. मुलालाच शिकायला पाठवलं.

जुनी गिटार बघताना नावाआधी मान बघा. तार मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी पहिल्या पट्टीवर आणि मान जिथे खोक्याला मिळते तिथल्या पट्टीवर एकदम दाबा. सातव्या पट्टीजवळ कागदाएवढी फट दिसली तर चांगलं, बोट जाईल एवढी दिसली तर मान वाकलीय. आत ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ करायचा लोखंडी दांडा, असेल तर ती बरीच सरळ करता येते. मग ब्रिजखाली, म्हणजे खोक्यावर जिथे तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्याखाली, कागद सरकवून बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. तिथे सरस सुटतो आणि ब्रिज उचलला जातो. आणि गिटार उलटी करून हलवाच. एकीतून मला गहू, डांबरगोळ्या आणि कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता मिळाल्या. ते निघाल्यावर आवाज खरोखर खुलला.

अशा बहुतेक गिटारींच्या तारा पट्ट्यांपासून उंच असतात. कॉर्ड धरताना बोटं सोलवटतात आणि नवखा महिन्याभरात सोडून देतो. पण स्लाइडला, म्हणजे बोटात घालून तारांवर सरकवायच्या नळीला, तीच उंची हवी असते, कारण स्लाइड तारेवर नुसती टेकवायची असते, दाबायची नाही. म्हणून मी ब्लूज तिथूनच सुरू करून देतो. सहावी तार ‘ई’वरून ‘डी’वर, पाचवी ‘ए’वरून ‘जी’वर, पहिली ‘ई’वरून ‘डी’वर उतरवा. झालं ओपन जी. तिन्ही तारा सैलच होतात, त्यामुळे म्हाताऱ्या मानेवरचा ताणही कमी होतो. मोकळ्या तारा म्हणजे जी, पाचव्या पट्टीवर सी, सातव्यावर डी. बार म्हणजे चार मात्रांचा एक खंड, असे बारा बार: चार बार जी, दोन सी, दोन जी, मग एकेक बार डी आणि सी, शेवटी दोन जी. स्लाइड पट्टीच्या बरोबर वर आणा, दोन पट्ट्यांच्या मध्ये नाही, आणि मागच्या बोटाने तारा हलक्या झाकून ठेवा, नाहीतर नुसती किरकिर येते.

स्लाइडसाठी हार्डवेअरच्या दुकानात पाइप मागायला गेलो तर दुकानदाराने विचारलं, “बोअरचा का ड्रिपचा?” मी म्हटलं, “करंगळीचा.” त्याने न हसता माझी करंगळी एकेका पाइपात घालून बघितली, तुकडा कापून दिला आणि कडा कानसीने घासून दिल्या. तोच तुकडा मी अजून वापरतो.

सूर सापडायला आपल्याकडच्या माणसांना वेळ लागत नाही. ब्लूजचं पाच सुरांचं मायनर स्केल म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा ऐकून लगेच म्हणाले, “हा तर धानी राग!” आणि पेटी घेऊन बसले. त्यांना फक्त एक गोष्ट सांगावी लागली, की इथे गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे लोंबकळत ठेवायचा. तो पेटीवर निघेना, स्लाइडवर निघाला. गाण्याची बांधणीही त्यांना पटली: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिचं उत्तर, आणि गायक थांबला की टाळकऱ्यांचं काम गिटार करते. गल्लीत मात्र पहिल्या दिवशी शेजारच्या आजी दारात येऊन विचारत होत्या, “कोन मरी ग्या रे भो?”

त्यांचं ऐकणं बरोबरच होतं. हे संगीत मिसिसिपीच्या कपाशीच्या शेतांतून आलं. ब्लूजचा नामवंत गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला गेला, त्याआधी क्लार्क्सडेलजवळच्या मळ्यात राबत होता. तसाच दुसरा नामवंत, बी. बी. किंग, त्यानेही लहानपणी कापूस वेचला. कापूस वेचताना कंबर कशी धरते हे काळ्या मातीतल्या पोराला समजावून सांगावं लागत नाही.

किंगची एक गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. १९४९ साली आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी नाचाच्या हॉलला आग लागली आणि तो गिटारीसाठी परत आत शिरला. आग लागली ती दोन पुरुषांच्या भांडणात, आणि भांडण ल्यूसिल नावाच्या बाईवरून. पुढे त्याच्या सगळ्या गिटारींचं नाव ल्यूसिल. हे ऐकून चोपड्याच्या एका पोराने आपल्या गिटारीला आईचं नाव दिलं. आता घरी कोणी आईला हाक मारली की हा रियाजाला बसतो.

पोटापाण्याचं विचाराल तर लग्नात आणि गणपतीत ब्लूजची फर्माईश येत नाही. पण जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमात तारांवर सळई सरकवून वाजवायच्या हवाइयन गिटारीचे तुकडे लागतात, आणि ते वाजवणारे इकडे फार थोडे आहेत. ज्याचा हात स्लाइडवर बसलाय त्याला ऑर्केस्ट्रावाले धुळ्याहून, नंदुरबारहून फोन करतात. हवाइयन गिटारवादक व्हॅन शिपले यांच्या वादनाच्या रेकॉर्डी ऐकून त्यातले तुकडे उचला, आणि तारीख घेताना भाड्याचं आधी ठरवून घ्या.